पुढचा ब्रेक

माय,

परवा गाडीचे ब्रेक करून आणले. बरेच दिवस पुढच्या डाव्या चाकातून घासल्यासारखा आवाज येत होता. तुझे जावई म्हणाले, नांदेडला मोठ्या वर्कशॉपला नेऊ. शाळेतल्या बाई म्हणाल्या, माझ्या दिराच्या ओळखीचा आहे एक. दोन ठिकाणांहून मी गाडी तशीच परत आणली. तिसऱ्या ठिकाणी, औंढ्याच्या रस्त्याला एक गॅरेज आहे, तिथं उतरल्या उतरल्या मी त्या माणसाला विचारलं, "भाऊ, काय काय चांगलं आहे ते आधी सांगा." तो जरा चक्रावला. मग पुढची दोन्ही चाकं खोलली, खाली बसला, वर बघून म्हणाला, "ताई, उजवीकडचं सगळं चांगलं आहे, त्याला हात लावत नाही. डावीकडचं गेलंय." मी तिथंच खुर्ची ओढून बसले. हा प्रश्न माझा नाही, तुझा आहे. तू म्हणायचीस, काय बिघडलं ते सगळेच सांगतात, काय बिघडलं नाही ते जो सांगतो त्याच्याकडं गाडी ठेवायची. आबा माझ्यासोबत होते. घरी एकटे कंटाळतात म्हणून मी त्यांना कुठंही जाताना घेऊन जाते. ते बाकावर बसून त्या उघड्या चाकाकडं एकटक बघत होते, आणि मला वाटलं, म्हातारपणी माणूस कशाकडंही असंच बघतो.

तुझी ती बिनगेरची स्कूटर आली तेव्हा मी आठवीत होते. आपला जिल्हा तेव्हा परभणी होता आणि हिंगोलीला जायचं म्हणजे गोरेगावहून जीपमध्ये कोंबून जायचं. तुला वाड्यावस्त्यांवर लसी द्यायला, बाळंतिणी बघायला पायी हिंडावं लागायचं, म्हणून तू ती जुनी स्कूटर घेतलीस. गावात बाईच्या हातात गाडी कुणी पाहिली नव्हती. त्यातून मागं आबा बसायचे. मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला माणूस, सायकलसुद्धा न येणारा, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आणि पुढं पांढऱ्या साडीचा पदर खोचून तू. पारावरची माणसं हसायची. "नर्सबाई धनगर नवऱ्याला फिरवून राहिली" म्हणायची. आबांना त्याचं काही नव्हतं. ते तुझ्या खांद्यावर हात टाकून असे ऐटीत बसायचे की जणू आपणच गाडी चालवतोय. बाजारच्या दिवशी तुझी सुट्टी असली की तुम्ही दोघं गोरेगावला जायचा, आणि येताना माझ्यासाठी गरम भजी आणायचात. कागदाला सगळं तेल लागलेलं असायचं.

तो अपघातही बाजारच्या दिवशीच झाला. मी दहावीत. आदल्याच आठवड्यात तू गोरेगावच्या नेहमीच्या मिस्त्रीकडून ब्रेक करून आणले होतेस. बाजारातल्या त्या दुकानात तू गेलीस की तो स्टूल पुसून द्यायचा, चहा मागवायचा, "सिस्टर, सिस्टर" करायचा. त्या दिवशी परत येताना ओढ्याकडच्या उतारावर ब्रेक लागेनात. खाली फरशी पुलावर कपाशीची बैलगाडी आडवी. तू गाडी कडेला घातलीस, रस्त्याच्या कामाला टाकलेल्या खडीच्या ढिगात. बैलगाडीवाल्यानंच तुम्हाला आणलं. तुझं कपाळ फुटलेलं, आणि आबांचा पाय गुडघ्याखाली असा वळलेला की मी बघताच रडायला लागले. तू मला म्हणालीस, "रडू नको. फळकुट आण, बांधायचंय." स्वतःच्या कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तू आबांचा पाय बांधत होतीस.

पाय प्लास्टरमध्ये गेला, मेंढरं चुलत्यांकडं गेली, आणि मग बोलणं सुरू झालं. तो मिस्त्री स्वतः केळी घेऊन भेटायला आला. आबांच्या खाटेशी बसून हळहळला आणि म्हणाला, "ब्रेक तर मी एकदम टाईट करून दिला व्हता. सिस्टर भिल्या असतील. बाईमाणूस हाय, उतारावर हात कापतो." बाहेर जाऊन त्यानं हेच चार ठिकाणी सांगितलं असणार. चुलते म्हणाले, "वयनी, इकून टाका ती गाडी. दादाचा पाय गेला, उद्या जीव जाईल." उतारावर नेमकं काय झालं ते तुला खरंच आठवत नव्हतं. उतारापर्यंतचं आठवतं, म्हणायचीस, मग एकदम खडीच. तुझ्याकडं लस टोचून घ्यायला येणाऱ्या बायासुद्धा कपाळाच्या टाक्यांकडं बघून च्च च्च करायच्या, आणि मला ते तुझ्यापेक्षा जास्त लागायचं. एक दिवस भाकरी थापता थापता तू मला म्हणालीस, "माझी चूक असंल तर मी गाडी इकते. पर आधी कळाया पायजे. मला न वळखणारा आन् त्या मिस्त्रीलाबी न वळखणारा माणूस पायजे."

मग आपण तो माणूस शोधत फिरलो. गाडी टेम्पोत टाकून आधी सेनगावला. तिथल्यानं नुसतं वरून बघितलं आणि इंजिनासकट सगळं बदलावं लागेल म्हणाला. हिंगोलीत एका चकाचक दुकानात मालक म्हणाला, "मॅडम, तुमची काहीच चूक नाही, ब्रेकच खराब. गाडी ठेवून जा, राणीसारखी करून देतो." त्यानंही चाक खोललं नव्हतं. मला तर आनंद झाला होता, मी म्हटलं, बघ माय, तुझी चूक नाही म्हणतात! तू म्हणालीस, "त्यानं माझं तोंड बघून सांगितलं. गाडी न्हाई बघितली." आणि भर उन्हात आपण दोघी ती वाकडी गाडी ढकलत एसटी डेपोच्या पुढं निघालो.

डेपोमागच्या त्या चाचांचं दुकान म्हणजे चिंचेच्या झाडाखाली एक पत्र्याचा आडोसा होता. माणूस तिरसट. तू अपघाताचं सांगायला लागलीस तर म्हणाला, "बाई, तुमी नका बोलू. गाडी बोलंल." जीपचं एक जुनं सीट जमिनीवर टाकलेलं होतं, त्यावर आपल्याला बसवलं आणि किती तरी वेळ आपल्याकडं बघितलंसुद्धा नाही. मागचं चाक काढलं. मग पुढचं काढलं, झाडून पुसून बघितलं, परत बसवलं, दाबून बघितलं. तुला आठवतं, मला भूक लागली होती आणि तू पिशवीतली भाकरी काढू देत नव्हतीस? शेवटी तो हात पुसत आला.

"दोन गोष्टी हायेत. एक तुमाला आवडंल, एक न्हाई आवडणार. दोन्ही आयकायच्या का?"

"दोन्ही सांगा," तू म्हणालीस.

"मागच्या ब्रेकचं लायनर पार झिजून गेलंय. ज्यानं काम केलं त्यानं बदललंच न्हाई, नुसती तार ओढून टाईट केली. धोका दिला तुमाला. उतारावर त्ये लागणारच न्हाई." तू मान हलवलीस. "आता दुसरी. पुढचा ब्रेक बराबर हाय. त्या दिवशीबी बराबर व्हता. उजव्या हाताचा. त्यो काहून दाबला न्हाई?"

त्या गाडीला दोन्ही ब्रेक हातातच, डाव्या हाताला मागचा, उजव्या हाताला पुढचा. तू आपल्या उजव्या हाताकडं बघितलंस. मग म्हणालीस, "मला न्हाई सांगता येत."

"दाबला असता तर इतकं झालं नसतं," चाचा म्हणाले. मला त्यांचा राग आला. इतक्या लांब येऊन हे ऐकायला आलो होतो का आपण? पण तू उठलीस आणि म्हणालीस, "गाडी इथंच ठेवते. झाली की निरोप द्या." परतीच्या जीपमध्ये मी फुगून बसले तेव्हा तू मला तो खराब आणि चांगल्याचा नियम सांगितलास. पुढं तू असेपर्यंत त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. आपण चाचांकडं गेलो की ते तसेच गुरगुरायचे, आणि तू शेतातली हळद त्यांच्या घरी द्यायचीस.

ते झिजलेलं लायनर तू मागून आणलं होतंस. गोरेगावच्या बाजारात त्या मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवलंस आणि एवढंच म्हणालीस, "असं दुसऱ्या कुणाला करून देऊ नको." तो खाली बघत बसला. त्याच्या लेकराला डोस पाजायला तू नंतरही जात राहिलीस. पण गावात विचारलं की तू दोन्ही गोष्टी सांगायचीस. ब्रेक गेला होता, आणि पुढचा मला दाबता आला नाही. मी चिडायचे. दुसरी कशाला सांगतेस? लोकांनी पहिली सोडून दिली आणि दुसरीच धरली. नर्सबाई स्वतःच्या तोंडानं कबूल झाली म्हणे. तू म्हणायचीस, "अर्धं सांगायला मी काय त्या चकाचक दुकानवाली हाय का?" आबा खाटेवर पडून हे ऐकायचे. भिंतीकडं तोंड फिरवायचे. मला वाटायचं, तेही तुलाच दोष देत असतील.

म्हणून त्या बाजारच्या दिवसाचं मला इतकं नवल वाटलं. प्लास्टर निघून काही आठवडे झाले होते, पाय जरा आखूडच राहिला होता. आबांना बाजारला जीपनं न्यायचं का, ते विचारायला चुलते आले होते. आबा काठी टेकत अंगणात आले आणि तुला म्हणाले, "गाडी काढ." चुलते म्हणाले, "दादा, पुन्हा?" आबा म्हणाले, "तिच्या गाडीवर मी न्हाई बसायचं तर कोन बसायचं?" पाय टाकताना त्यांना त्रास झाला, पण ते बसले, आणि पारावरून, शाळेसमोरून, सगळ्यांच्या देखत तुम्ही गेलात. तेव्हापासून ते तुझ्या खांद्यावर हात टाकत नसत. मागची लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरून बसायचे. मला वाटायचं, भ्याले असतील. तुलाही तसंच वाटत असेल का? त्या दिवसानंतर गाव हळूहळू गप्प झालं. ज्याचा पाय मोडला तोच मागं बसतोय म्हटल्यावर बोलणार काय?

तू गेलीस त्या वर्षी हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. शेवटच्या आजारात भेटायला येणारे तुला जिल्ह्याची नवी ऑफिसं कुठं कुठं झाली ते सांगायचे, तू ऐकून घ्यायचीस. नंतर आबा माझ्याकडं आले. मेंढरं विकली, घोंगडी मात्र आणली. तुझ्याविषयी फार बोलत नाहीत. जेवताना कधी तरी एखादं वाक्य बोलतात आणि पुन्हा ताटात बघतात.

परवा गॅरेजमधून गाडी घेऊन निघालो तर ते एकदम म्हणाले, "बाजूला घे गाडी." मला वाटलं, उलटी होतेय. मी रस्त्याच्या कडेला लिंबाखाली थांबवली. ते समोर काचेतून बघत बसले.

"मी धरला व्हता," म्हणाले.

"काय, आबा?"

"तुझ्या मायचा हात. हा उजवा दंड. गाडी सुटली तसा मी भ्यालो आन् दोन्ही हातानं तिचा दंड दाबून धरला. मागं वढला, तसा तिचा हात ब्रेकापर्यंत गेलाच न्हाई. ती 'सोडा, सोडा' म्हणून राहिली व्हती आन् मला सोडवंना." मी इंजिन बंद केलं. "सगळ्या गावाला सांगत फिरली, मला दाबता आला न्हाई. मी आयकत पडलो. आज सांगू, उद्या सांगू. मंग ती गेली."

बोलता बोलता त्यांचे हात मांडीवर असे आवळले गेले होते, जणू अजून काही तरी धरून आहेत. मला त्यांचा राग यायला हवा होता. तुझ्यासाठी तरी यायला हवा होता. तो आला नाही, माय. ऐंशीच्या घरातला माणूस लहान लेकरासारखा खाली मान घालून माझ्या बोलण्याची वाट बघत होता. आणि मला आठवलं, अपघातानंतर तुझ्या उजव्या दंडावर काळेनिळे वळ होते. मीच रोज कढत फडक्यानं शेकत होते. बोटांसारखे उमटलेले. आपण खडी लागली म्हणालो. तू नर्स होतीस. खडीचा मार कसा दिसतो आणि बोटांचा कसा, हे तुला कळत नसेल असं मला आता वाटत नाही. पण कळलं होतं हेही मी कशावरून म्हणू?

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "आबा, मायला माहीत होतं."

त्यांनी वळून बघितलं. "तिनं सांगितलं व्हतं तुला?"

"व्हय," मी म्हणाले. "हसत सांगितलं होतं. म्हणाली, त्यांना नको बोलू, वाईट वाटंल."

त्यांची आवळलेली बोटं हळूहळू सुटली. घरी आल्यावर दोन भाकरी खाल्ल्या आणि दुपारभर शांत झोपले. कालपासून नातवाला तुझ्या स्कूटरच्या गोष्टी सांगून राहिलेत.

हे सगळं लिहिलं खरं, पण ते पाठवायला तुझा पत्ता कुठं आहे? घरात ठेवलं तर कुणी तरी आबांना वाचून दाखवेल, म्हणून आता फाडून टाकणार आहे. फक्त तुला माहीत असावं. त्या हाताबद्दल तू मला कधीच काही बोलली नव्हतीस.