शांतीचं पान

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२ नोव्हेंबर २०२५

ती. मालूताईंस विनायकचा शि. सा. न.

आज रविवार. सातला उठलो. दूध आलं. भात लावला, दह्याबरोबर खाल्ला. दुपारी कीर्ती खारघरहून आली, तासभर बसली, गेली. संध्याकाळी सकाळचाच भात खाल्ला. बाहेर पडलो नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितो आहे. २३ तारखेला शांतीचं वर्षश्राद्ध. पानावर आईच्या आवडीचं काहीतरी हवं, ते काय ते बाबा तुम्हीच सांगा, असं कीर्ती म्हणाली. मी बटाट्याची भाजी म्हणालो. ती म्हणाली, ती तुमची आवड, आईची नव्हे. एकतीस वर्षं संसार केला, आणि हे तुम्हाला विचारावं लागतं आहे.

माझं खाणं तुम्हाला माहीत आहे. वरण, भात, चपाती, दही आणि बटाटा. लहानपणापासून दुसरं काही घशाखाली उतरत नाही. आमच्या घरी सगळे मासे खायचे, मीच तेवढा ताट घेऊन बाहेर जाऊन बसायचो. शांती गेल्यावर शेजारच्या भावनाताईंनी खूप डबे दिले. झाकण उघडलं की माझा घसा बंद व्हायचा. आता त्या देत नाहीत. या दोन खोल्यांत मी आणि माझे पाच पदार्थ उरलो आहोत.

तुमच्या बहिणीला काय आवडायचं तेवढं कळवा. हॉटेलातून मागवता येईल.

गुडघ्याला जपा. शांतीमुळे जो लोभ होता तो तिच्यामागेही राहू द्यावा.

आपला,
विनायक


करंजा, उरण
७ नोव्हेंबर

श्री. विनायकराव यांस मालूचा अ. उ. आ.

(आजी बोलते तसंच लिहिते आहे. शब्द बदललास तर बघ, असा दम दिलाय. – प्रांजल)

पत्र पोचला. नातीनी दोनदा वाचून दाखवला. एकतीस वर्सांनी बायकोला काय आवडायचा ता मना इचारता? बरा, इचारलात तरी.

जवला. सुका जवला, बारकी सुकट, कांदा-लसून नि कोकम टाकून, वर तांदलाची भाकर. दर महिन्याला बहिनीला भेटाला जातंय सांगून यायची ना? आल्या आल्या चुलीजवल बसायची नि तीन भाकरी खायची. मंग लिंबानी हात घासायची, साडी बदलायची, तवा कुठं पनवेलची गाडी धरायची. तुमाला वास आला त तुमी जेवनार नाय म्हनून. मी तिला येडी बोलायची. ती हसायची.

हाटेलाचा चालनार नाय. आमच्या घरान पान वाढनाराच रांधतो, नि पान ठेवला की पयला घास त्योच खातो. त्यानी नाय खाल्ला त पान उपाशी. तुमी नवरा हाव, तुमीच वाढनार.

शेजारचा दयाराम पनवेलला येतोय, त्याच्याजवल जवला देतंय. तव्याव भाजा, चालनीनी चाला, धुवून रेती काढा, मंग कांद्याव टाका. घाबरू नका. जवला हाय, वाघ नाय.

माया हाय, म्हनून बोलतंय.

मालू


खांदा कॉलनी
१४ नोव्हेंबर

ती. मालूताईंस शि. सा. न.

दयाराम बुधवारी पिशवी देऊन गेले. दोन दिवस ती गॅलरीत ठेवली, आज आत घेतली. त्यातलं मूठभर सांगितल्याप्रमाणे भाजलं, चाळलं. धुतलं, पण वास जाईना म्हणून पुन्हा धुतलं. नऊ वेळा. मग पाण्यात तासभर भिजत ठेवलं. शेवटी करड्या लगद्यासारखं काहीतरी झालं. चमचा ओठाला लावला आणि बेसिनकडे धावलो.

लिंबाचं लिहिलंत. करंज्याहून ती आली की तिच्या हातांना लिंबाचा वास यायचा. मला तो आवडायचा. तसं मी तिला एकदा सांगितलंही होतं. ती चहा ठेवायला आत गेली.

मला कोणी सांगितलं नाही, अशी माझी तक्रार नाही. मी विचारलंच नव्हतं. शांती एकतीस वर्षं माझ्या पाच पदार्थांत कोंडून राहिली. आता त्यांत मी एकटाच आहे, आणि दार सापडत नाही.

कीर्ती सगळं खाते. तिला पान वाढू द्या. एवढी सूट द्यावी, ही विनंती. राग न धरता लोभ ठेवावा.

विनायक


करंजा
१८ नोव्हेंबर

श्री. विनायकराव यांस अ. उ. आ.

नऊ वेला? जवला धुतलाव का गोधडी? वास काढला त जवल्यान राहाला काय? प्रांजल हसून हसून लोलली. दोन पान्यान काढायचा, बस.

सूट नाय. रोज भाताव चार दाने टाका. उद्या चार, परवा आठ.

आजून एक सांगतंय. सांगनार नव्हती. कीर्तीच्या वेलंला शांतीला डोहाले लागले ते जवल्याचे. सातवा महिना, डाक्टरनी गाडीत बसाला बंदी केली, म्हनून इकडं येता येईना. नि तुमचा जेवान सुटल म्हनून घरान शिजवला नाय. बालंतपन झाल्याव आली तवा माझ्या मांडीव डोका ठेवून रडली. तुमच्याव रागावली नव्हती. मीच रागावली होती, आजून हाय.

पान वाढा. मंग राग जातो का बगू.

मालू


खांदा कॉलनी
२३ नोव्हेंबर

ती. मालूताईंस शि. सा. न.

आज रविवार. पाचला उठलो. जवळा दोन पाण्यांत धुतला. कीर्ती नऊला आली. मदतीला पुढे झाली, तिला बाहेर बसायला सांगितलं. भाकरी थापताना तीन मोडल्या, चौथी जमली. बाराला पान ठेवलं.

चार दाणे, आठ दाणे रोज खात होतो, पण घास ही वेगळी गोष्ट. तोंडात घातला, पण तो खाली उतरेना. कीर्ती समोर होती. ती म्हणाली, बाबा, राहू द्या. मी मानेनेच नाही म्हटलं. बराच वेळ तो घास तसाच तोंडात धरून बसलो. मग गिळला. चांगला लागला असं लिहिलं तर खोटं होईल. खारट होता, आणि एक रेतीचा कण दाताखाली आला. दुसरा घास कोणी सांगितला नव्हता, तो माझा मी घेतला.

कीर्तीने मोडक्या भाकऱ्यांसकट सगळं संपवलं. म्हणाली, मावशीच्या हाताची सर नाही, तिखटही कमी आहे. डोहाळ्यांचं मी तिला सांगितलं नाही. ते माझ्यापाशी राहील. माफी मागायला माणूस नाही, आणि तुमच्याकडे मागून ती शांतीला पोचणार नाही, हे मला कळतं.

उद्या बहुधा पुन्हा दहीभातच. आज पान उपाशी राहिलं नाही, एवढं कळवायचं होतं. तुमचा राग असू द्या, पत्र मात्र येत राहू द्यावं.

विनायक

ता. क. कीर्ती चारला गेली. तवा भिजत घातला होता, तो आता घासतो.