आरशावरची ओढणी

शनि. ३ मे, ब्राउनश्वाइग
झोपायची खोली आजपासून माझ्याकडे! म्युझियम म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरांचं घर. म्युझियमच्या प्रमुख ब्राण्टबाई म्हणाल्या, आठवडाभर खोली नीट सांभाळ, मग बघू, दहा तारखेची फ्यूरुंग तू एकटीने कर. घराच्या किल्ल्या घेऊन लोकांना फिरवून सगळं सांगायचं, जर्मनमधून. दोन वर्षं फुकट धूळ पुसतेय, आता तरी तोंड उघडू दे बाई.

पलंग आखूड. लोक म्हणे उशांना टेकून अर्धवट बसूनच झोपायचे. पिसांची रजाई ही एवढी फुगलेली. उशाशी कपाट, त्यात निळ्या फुलांचं चिनीमातीचं भांडं.

रवि. ४
सासूबाईंना फोटो दाखवले. पुण्याहून आल्यापासून मागे लागल्या होत्या. भांडं बघून म्हणाल्या, दही काय सुरेख लागेल यात. ते रात्री-अपरात्री बसायचं भांडं होतं, हे सांगायचा धीर नाही झाला.

मग पलंगासमोरचा आरसा दिसला. चेहराच पडला त्यांचा. झोपलेलं माणूस आरशात दिसू नये, झाकून ठेव म्हणाल्या. म्हटलं, अहो आई, तिथे कोणी झोपत नाही.
"झोपत होते ना?"
मी पुढचा फोटो काढला.

मंगळ. ६
कुलूप लावताना राहवेना. सासूबाईंवर ढकलतेय, पण घरी मीही झाकतेच की. काळी ओढणी टाकली आरशावर. सकाळी लवकर येऊन काढेन.

बुध. ७
ट्राम चुकली. व्हायचं तेच झालं.

पोचले तर आजी-आजोबांचा एक ग्रुप खोलीच्या दारात चिडीचूप. दोघांनी टोप्याही काढलेल्या. ब्राण्टबाई लालबुंद. इथे पूर्वी घरात कोणी गेलं की आरसे झाकायचे म्हणे! एका आजीने हळूच विचारलं, "कोण गेलं?"
"कोणी नाही. माझ्या सासूबाई आल्यात."
सगळे खो खो हसले. ब्राण्टबाई नाही हसल्या. ओढणी काढून घेऊन गेल्या. गेली माझी फ्यूरुंग.

घरी लेक म्हणते, माम्मा, पाइनलिश. लाज वाटते म्हणे. मला काय कमी वाटतेय?

शुक्र. ९
बाईंनी बोलावलं. खरं ते सांगून टाकलं. माझी आई रोज निजायच्या आधी आरशावर पदराचं जुनं फडकं टाकायची, तीच सवय हाताला. सांगताना जर्मनची पार वाट लागली. त्यांनी विचारलं, पण का झाकतात? मला कुठे माहितीये. मी विचारलं, तुम्ही का झाकता? त्यांनाही धड सांगता येईना. दोघी हसलो.
फ्यूरुंगचं?
"आल्झो... म्हणजे, बघू."
ओढणी मागायची राहिलीच.

शनि. १०
पहिल्या ट्रामने आले. खोलीत गेले तर ओढणी परत आरशावर, इस्त्री करून. बाईंना विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, दोन रात्री घरच्या आरशावर टाकून बघितली, झोप बरी लागली.

पावणेअकरा. अकराला पंधरा जण येणार. कोण बोलणार, बाई सांगत नाहीत. सासूबाई बाकावर पैठणी नेसून बसल्यात. जर्मनचं अक्षर कळत नाही, पण सून बोलणार म्हणून आल्यात. फ्यूरुंगचं नक्की नाही, हे त्यांना अजून सांगितलं नाही.

ब्राण्टबाई जिना चढून येतायत. हातातल्या किल्ल्या माझ्यापुढे धरतायत.