पंख्यातलं दुसरं मांजर

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? वहिनीने तुला चहा ढवळण्यापलीकडे कुठलंही काम करू देऊ नये, असं माझं मत तिला कळव. आम्ही दोघं बरी आहोत, बोका बरा आहे, आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटर बरा आहे. हे शेवटचं तू पुन्हा एकदा वाच, मला समाधान वाटेल.

कारण तूच फोनवर म्हणाला होतास, "सगळं पुसून टाक आणि सिस्टीम नव्याने घाल." जसा काही फळाच पुसायचाय. (जन्मभर वर्गात फळा मी पुसलाय, तू नाही.) अरे, त्यात आईच्या आठवणी आहेत. ती पलंगावर बसून सांगायची आणि मी टाइप करायचे. आता पुन्हा विचारायला ती नाही. पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला बसलं की ते यंत्र मध्येच डोळे मिटायचं, त्यामुळे दुसरी प्रतही नव्हती.

घरात जो तो वैद्य झाला. आमच्या ह्यांचा संशय विजेवर. त्यांनी प्लग बदलला, बोर्ड बदलला, आणि शेवटी स्वतःच वायर हातात धरून बसले, जणू ती पळून जाणार होती. दुरुस्तीवाले आले, त्यांनी कपाळाला आठ्या घालून व्हायरसचं नाव घेतलं आणि तुझंच वाक्य म्हटलं. (तुम्हा सगळ्यांना हे एका शाळेत शिकवतात का?) मी त्यांना सरबत पाजून वाटेला लावलं.

मग मी एकेक करून पाहायचं ठरवलं. प्रिंटर काढला, तरी बंद. नवीन टाकलेले प्रोग्रॅम काढले, तरी बंद. पण एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी गारव्यात तो बराच वेळ चालायचा, आणि बंद पडल्यावर लगेच सुरू केला की दोन ओळींतच मान टाकायचा. वर्गात उन्हाच्या वेळी पेंगणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला, तर तवा. म्हटलं, ह्याला वारा लागत नाहीये.

वायर काढून, स्क्रू सोडून बाजूचं झाकण उघडलं. आतल्या पंख्याला बोक्याच्या केसांचा स्वेटर चढला होता. (गारठ्याच्या दिवसांत बोका डब्याला पाठ लावूनच झोपतो.) हे डोकावून म्हणाले, "ह्यातून अजून एक मांजर निघेल." निघालंच जवळजवळ. मऊ ब्रशने हळूहळू सगळं काढलं, पंखा बोटाने फिरवून पाहिला, झाकण लावलं. हात जोडायचं मनात आलं, पण ह्यांच्यासमोर नको म्हणून बटणच दाबलं.

दुपार सरली, तो चालूच. आधी आठवणी पेनड्राइव्हवर घेतल्या. मग आईचं टाइप करताना अर्धं राहिलेलं प्रकरण उघडलं आणि तिचे शब्द आठवत, मोठ्याने म्हणत शेवटपर्यंत पुरं केलं. हे बाजूला बसून ऐकत होते, मध्येच चष्मा पुसत होते. एकही अक्षर गेलेलं नाही, दादा. एकही सिस्टीम घातलेली नाही. तुझ्या कॉम्प्युटरवाल्या ऑफिसात सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. – ही बातमी ह्यांनी जिन्यात सांगितली. आता आमच्या बैठकीत शेजाऱ्यांचे आजारी कॉम्प्युटर येऊन पडलेत आणि मला लोक 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. मी नको म्हणत नाही.

ता. क. दुसरा – वरच्या मजल्यावरच्या वकिलांचा कॉम्प्युटर मी उघडून लख्ख केला, तरी सुरू होऊन अडतोच. त्यांच्या सगळ्या फायलींची प्रत आहे म्हणतात. तेव्हा मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "सगळं पुसून सिस्टीम नव्याने घालावी लागेल." त्यांनी लगेच मान डोलावली. तर ती कशी घालतात, ते पहिल्या बटणापासून सविस्तर लिहून पाठव. फोन करू नकोस, बैठकीत सगळ्यांना ऐकू जातं.