दातुकच्या घुमटीची वाट

प्रिय केंग लियोंग,

त्या गुरुवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे दातुकची, आपल्या बागेच्या राखणदार देवाची, घुमटी धुतली. मूर्तीची काळी टोपी पुसली, विड्याची पानं, तंबाखू आणि हळदीचा भात ठेवला, ऊद लावला आणि जायफळं वेचायला वर चढलो. मागाहून तू जॉर्जटाउनहून पाहुणे घेऊन आलास. खाणं, देवळं आणि जंगल, सगळं एका दिवसात दाखवायचा तुझा धंदा. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही.

पण खाली उतरलो तेव्हा माझ्या भाताला खेटून तू भाजलेल्या डुकराचं ताट मांडलं होतंस. फोटो चांगला यावा म्हणून!

डुकराचं मांस मीही खातो. नवीन वर्षाला आपल्या पूर्वजांपुढे आपण तेच ठेवतो. पण दातुक आपला पूर्वज नाही. तो इथला, मलय, मुसलमान. आपले पणजोबा चीनहून या बेटावर उतरले आणि त्याला विचारून त्यांनी पहिलं झाड लावलं. डुक्कर खाल्लेल्या तोंडाने आई आपल्याला इथे फिरकूही देत नसे. विसरलास?

मी ताट उचललं तर तू पाहुण्यांसमोर हसलास. म्हणालास, "दादा, दगड आहे तो. त्याला कोंबडी काय नि डुक्कर काय."

दगडाला नसेल कळत. कुंपणाशी शेजारचे सैदीनकाका शहाळी घेऊन उभे होते, त्यांना कळलं. ते स्वतः मलय मुसलमान, घुमटीला हात जोडत नाहीत, त्यांच्या धर्मात ते बसत नाही. तरी रोज जाता-येता पालापाचोळा बाजूला करतात आणि मला चिडवतात, तुमच्या म्हाताऱ्याला चहा दिलात का म्हणून. त्या दिवशी त्यांनी शहाळी खाली ठेवली आणि मागे वळले. संध्याकाळी मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसलो. ते एवढंच म्हणाले, "तियाम, आमच्या माणसाचा पाहुणचार तुमच्यात असा होतो, हे ठाऊक नव्हतं मला."

मान वर करता आली नाही मला. आणि तुझा निरोप काय, तर ड्युरियन फळांच्या हंगामात मोठ्या गाड्या आणतो, वाट रुंद कर, घुमटीला रंग दे. झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर नाही. रागात काही ठरवायला नको, म्हणून मी स्वतःच्या मनाचं ऐकलं नाही. दातुकपुढे कौलाचे दोन्ही लाकडी तुकडे टाकून विचारलं, गाड्यांची वाट बंद करू का. पुन्हा पुन्हा विचारलं, दर वेळी कौल 'हो' असाच आला.

हंगाम तोंडावर आहे, गाड्या भरून येशील आणि पाहुण्यांपुढे तोंडघशी पडशील, म्हणून लिहितो. रस्त्याकडचं फाटक मी काढून टाकलं आणि त्या जागी काटेरी सालकाच्या झुडपांची दाट रांग लावली. आता घुमटीकडे यायला एकच वाट उरली आहे, सैदीनकाकांच्या अंगणातून. त्यांची परवानगी मी माझ्यापुरती मागून घेतली. तुझी तू माग. एकटा ये, चालत ये, आणि त्यांच्या दारात आधी चूळ भर.

तुझाच दादा,
केंग तियाम