झाकण घट्टच होतं, भाऊजी

आदरणीय भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा अगदी वाकून नमस्कार. (एरवी मी कुणापुढे वाकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. हल्ली सवय लावून घेतोय, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मी तर जरा जास्तच बरा आहे आणि तीच खरी अडचण आहे. तुम्ही म्हणाल, घर चार गल्ल्यांवर, भाजी आणायला रोज आमच्या दारावरून जातो आणि हा पत्र कसलं लिहितोय? तर हल्ली मी तुमच्या दारावरून जात नाही, मागच्या गल्लीने जातो. तुम्हाला सक्तीच्या रजेवर घरी बसवल्याला आज नऊ दिवस झाले आणि तुमच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही, म्हणून हा कागद. बायकोच्या हाती पाठवतोय. आत काय आहे ते तिला अजून माहीत नाही.

मुळापासून सांगतो. तुम्ही तुमच्या खोलीत किरणोत्सारी औषधं शिशाच्या डब्यांत भरून झाकणं लावायची आणि मी ते डबे गाडीत घालून दवाखान्यांत पोचवायचे, एवढंच आपलं काम. पण त्याला नियम किती! गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे पाट्या लावा, डबे उतरले की पाट्या काढा. डबे आत असताना वाटेत गाडी सोडून कुठे जायचं नाही. (सतरा वर्षांत लघवी दाबून धरण्यात माझा हात धरणारा कुणी उरलेला नाही.) सोबत कुणाला बसवायचं नाही, सख्ख्या बायकोलाही नाही. एकदा ती भर पावसात रस्त्याकडेला भिजत उभी होती आणि मी नियमाप्रमाणे तिला हात करून पुढे निघून गेलो. तो विषय आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी निघतो. डबा पट्ट्याने करकचून बांधायचा. आणि छातीवर बिल्ला लावायचा, जो आपल्याला किरण किती लागले ते गुपचूप मोजतो आणि तीन महिन्यांनी ऑफिसात चहाडी करतो. हे सगळे नियम मला नुसते पाठ नाहीत, नव्या ड्रायव्हरांना ते मीच शिकवतो. बिल्ला वर धरून मी सांगतो की ही तुमची दुसरी कातडी आहे, अंगावरची कातडी कुणी खुंटीला अडकवून ठेवतं का? हे वाक्य मला इतकं आवडतं की म्हणून झाल्यावर मी दिवसभर फुगून असतो.

आता या नियमवाल्याने काय केलं ते ऐका. मोठ्या डब्याचा पट्टा सैल झाला होता. नवा मागायचा तर तीन प्रतींत अर्ज, आणि अर्ज म्हटलं की मी चार हात लांब. (साक्षीला तुम्ही आहातच, आजवरचे माझे सगळे अर्ज तुम्हीच लिहून दिलेत.) डबा मागच्या जाळीवर आपटायचा. वळणावर खड्, ब्रेकला खड्, आणि मनासारखी शिट्टी वाजवत असलो की हटकून खड्. एक दिवस वैतागून मी अंगातला कोट काढला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि डबा आणि जाळी यांच्यातल्या फटीत कोंबली. काय शांतता पसरली म्हणून सांगू! शिवाय त्या उकाड्यात कोटातून सुटका झाली ती वेगळीच. मग तीच रीत पडली. दवाखाना आला की कोट झटकून अंगात घालायचा, रुबाबात आत जायचं, बाहेर आलं की कोट पुन्हा फटीत. आणि बिल्ला? तो कोटाच्या छातीवर होता. म्हणजे मी पुढे शिट्टी वाजवत बसलेलो आणि माझी दुसरी कातडी मागे तीन महिने डब्याला बिलगून पडलेली. (झाकण घट्ट असलं तरी डब्याला अगदी चिकटून राहिलं की थोडे किरण लागतातच, म्हणून तर डबा मागे आणि ड्रायव्हर पुढे.) माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं विचारू नका. शप्पथ नाही आलं. आपण शिकवतो म्हणजे आपल्याला येतं, अशा समजुतीत मी होतो.

यथावकाश बिल्ल्याचा आकडा आला. सुरक्षेच्या मॅडम (ज्यांना आपण सगळे पाठीमागे मीटरमॅडम म्हणतो) तो कागद घेऊन थेट माझ्या वर्गात शिरल्या. मी नेमका कातडीच्या वाक्यावर होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही डबा मांडीवर घेऊन गाडी चालवता का?” त्या क्षणी कोट, फट, बिल्ला, सगळं माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. पण समोर सहा नवे ड्रायव्हर बसले होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, “मॅडम, बिल्ला या छातीवरून हललेला नाही.” एवढं एकच वाक्य, भाऊजी. तेव्हा माझी दातखीळ बसली असती तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस मी चैनीत काढले, हे लाजत लाजत लिहितो. मला गाडीवरून उतरवून तपासणीला पाठवलं. तिथल्या माणसाने डोक्यापासून पायापर्यंत मीटर फिरवला, मीटर एकदाही वाजला नाही. डॉक्टर म्हणाले, या वयाला इतकं चांगलं रक्त फार कमी बघायला मिळतं, आणि मी चक्क हिरमुसलो. घरी मात्र माझा भाव वधारला होता. बायको न मागता दुसरा चहा द्यायला लागली. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी नेलेली शिडी आपणहून आणून दिली. (जाणाऱ्या माणसाची वस्तू ठेवून घेऊ नये, असं त्याला वाटलं असावं.) मी खिडकीत बसून शून्यात बघायचो आणि ते मला चांगलं जमायला लागलं होतं.

पण मॅडम काही माझ्यासारख्या शून्यात बघणाऱ्यांतल्या नाहीत. बिल्ला छातीवर होता, तर किरण पुढे माझ्या सीटपर्यंत आले. आले, म्हणजे झाकण सैल होतं. झाकण कोण लावतं? भाऊजी. डबा निघताना मीटर धरून आकडा कोण लिहितं? तेही भाऊजी. तेव्हा चौकशी होईपर्यंत भाऊजींनी घरी बसावं. हे मी व्हरांड्यात उभा राहून ऐकलं आणि तरीही गप्प बसलो. तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, झाकण सैल ठरलं तर तुम्हाला नामुष्कीने घालवतील, हे कळत असूनही गप्प बसलो. डबे तपासतील, काही निघणार नाही, आपोआप मिटेल, असं मनाला सांगत राहिलो. डबे तपासले, काही निघालं नाही, पण मिटलंही नाही. आज घट्ट आहे म्हणून तेव्हाही घट्ट होतं कशावरून, असं म्हणतात.

काल ताई आमच्याकडे आली तेव्हा मी बाथरूममध्ये लपलो. (हो, लपलो. बादली उपडी घालून तिच्यावर बसलो होतो.) ती माझ्या बायकोला सांगत होती की तुम्ही दिवसभर घरातल्या बरण्यांची झाकणं लावता, काढता, परत लावता, आणि मग तिच्यापुढे दोन्ही हात धरून विचारता, “माझे हात सैल पडले का गं?” भाऊजी, मला रडू आलं. नळ सोडला म्हणून बाहेर कळलं नाही. तुमचे हात सैल पडलेले नाहीत. झाकण घट्टच होतं, रोज होतं. सैल होता तो पट्टा, आणि खोटा होतो तो मी. तुमचे पाय धरायला हवेत, पण तेवढं जवळ यायचं धैर्य गोळा करतोय.

ताईला नमस्कार सांगा आणि हे पत्र तिला वाचायला देण्याआधी तिच्या हातातलं लाटणं काढून घ्या.

तुमच्याच जिवावर उड्या मारलेला,
मेहुणा

ता. क. – पत्र काल रात्रीच लिहून झालं होतं. सकाळी वाटलं, ऑफिसात न सांगता नुसतं तुम्हाला लिहिणं ही पुन्हा पळवाटच. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, तीन प्रतींत, आणि मॅडमपुढे ठेवला. त्यांनी तिन्ही प्रती वाचल्या. (तिन्ही सारख्याच होत्या.) तुम्ही सोमवारपासून कामावर. संध्याकाळी त्या स्वतः तुमच्या घरी येऊन माफी मागणार आहेत, तेव्हा बरण्या आवरून ठेवा.

आणखी एक – माझी गाडी कायमची काढून घेतली. नव्या ड्रायव्हरांचा वर्ग आता दुसरा कुणी घेणार, त्यात मी फक्त उदाहरण म्हणून असणार. नोकरी टिकली तर तुमच्या खोलीत, तुमच्या हाताखाली टिकेल.

शेवटचं, आणि पत्राचं खरं कारण हेच – सोबत एक फॉर्म आहे. डब्यांच्या खोलीत माणूस घ्यायचा तर हा भरवशाचा आहे की नाही, ते त्या खोलीच्या प्रमुखाने, म्हणजे तुम्ही, लिहून द्यावं लागतं. ‘होय’ किंवा ‘नाही’, एवढंच. ती जागा मी कोरी ठेवली आहे. सतरा वर्षांपूर्वी मला गाडीवर घेताना हाच फॉर्म तुमच्यापुढे आला होता, आणि ताईचा भाऊ म्हणून तुम्ही न वाचता सही केली होतीत. या वेळी वाचून करा.