सत्तावीस वेळा

३ मार्च, सकाळी ११ वाजून २० मिनिटे
नेमक्या या वेळी मानसशास्त्र विभागाने माझी फसवणूक केली. बोलावलं स्मरणशक्तीच्या चाचणीला. वेटिंग रूममध्ये एक बाई बोलू लागली. अकरा वर्षं अबोला धरलेला तिचा भाऊ परवा बॅग घेऊन दारात उभा राहिला म्हणे. मी मन लावून ऐकलं. दहा मिनिटांनी संशोधक मुलगी आली, म्हणाली, झाली चाचणी. बाई नटी होती. निवृत्त माणसं समोरच्याचं बोलणं मध्येच किती वेळा तोडतात, ते मोजायचं होतं. मी सत्तावीस वेळा. साफ खोटं. मी सल्ला देत होते.

४ मार्च
संशोधनातली नीती पाहणाऱ्या एथिक्स कमिटीकडे तक्रार. चार पानं. सून म्हणाली, आई, संमतीपत्रात लिहिलं असेल की. होतं: ‘खरा हेतू शेवटी सांगू.’ मी तो फॉर्म वाचला नव्हता, तपासला होता. सहा स्वल्पविराम दुरुस्त करून मगच सही केली. कॉन्व्हेंटचं शिक्षण.
उद्यापासून मितभाषण.

७ मार्च
मितभाषणाचा तिसरा दिवस. मुलगा विचारतो, सुरू कधी करणार?

११ मार्च, दुपारी ३
कमिटीपुढे बाजू मांडली. वीस मिनिटं. अध्यक्ष निरुत्तर. चार-पाचदा ‘बाई, पण’ म्हणाले. वाक्य पुरं करायची सवयच नाही. एक सदस्य वहीत रेघा ओढत होता, चार उभ्या, एक आडवी. कंटाळला असेल बिचारा.

१४ मार्च
विजय. सहभागी व्यक्ती कधीही माघार घेऊ शकते, असं पत्र आलं. माझी नोंद २१ तारखेला सायंकाळी पाचला कायमची पुसणार. धाकट्या जावेला फोन केला. ती म्हणाली, ते राहू द्या जाऊबाई, तो भाऊ कशाला आला होता?
सांगणारच होते.

१६ मार्च
भाऊ आजारी असेल. की घरातून काढला? बाईला धड गोष्ट सांगता येत नव्हती. नटी कसली.
संशोधक मुलीला फोन. गोष्ट पूर्ण लिहिलेली आहे म्हणाली, पण अभ्यास संपेपर्यंत बाहेर सांगता येत नाही. बाकी सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली. तुमच्या वेळी भाऊ उंबरठ्यावरच राहिला, मावशी.

१८ मार्च
कमिटीस दुसरं पत्र. तुमच्याच नियमाप्रमाणे माणूस ज्या मनःस्थितीत आला, त्याच मनःस्थितीत घरी गेला पाहिजे. येताना मला कुणाच्या भावाचा घोर नव्हता. तरी तो का आला, आणि बहिणीने त्याला आत घेतलं का, हे २१ तारखेला सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे.
तोंडी सांगायला कुणाला पाठवू नये.