कुठं टोचते, सांग

नवेगाव बांध
दि. ९ ऑक्टोबर २०२५

चि. चंद्रकुमार यास,
आशीर्वाद. चि. सौ. संध्यालाही सांग.

तू माझा फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस. अंगठ्याला मी काय उत्तर देणार? म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. तबलेवाला भोजराज वडशाला निघाला आहे, त्याच्या हाती देते. तो समोर असतानाच वाच. नंतर वाचतो म्हणून खिशात घालू नकोस, मी तुला ओळखते.

इकडे सर्व ठीक. धान निसवलं आहे, बांधाच्या तलावात पाणी चांगलं आहे. माझा गुडघा होता तसाच. तुझ्या दादांची प्रकृती उत्तम, जेवण-फिरणं वेळेवर.

आता डब्ब्याचं. तुम्ही त्याला मॉडेलर म्हणता. देशोदेशीच्या मोठ्या गिटार-अँप्लिफायरचे, तुमच्या भाषेत अँपचे, आवाज पोटात ठेवणारा, पाटाएवढा. उन्हाळ्यात तू त्यात नवं अपडेट टाकलंस आणि त्या दिवसापासून दादांचं एकच: "आवाज मेला. वरची चमक गेली." त्यांनी गिटारवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. उत्तरं मी चष्मा लावून सगळी वाचली. एक म्हणतो, नव्या अपडेटनं धार गेली, जुन्यावर परत जा. दुसरा म्हणतो, जुन्यात कचरा होता, आत्ताच खरा आवाज लागला. तिसरा म्हणतो, डब्बे विका, खरा अँप घ्या. सरपंचाच्या निवडणुकीतही एवढं भांडण होत नाही. आणि कुणीतरी लिहिलं, "भाऊ, अपडेट कानाले द्या." त्याखाली तू हसरा चेहरा टाकलास. तो मी पाहिला. त्यांनीही पाहिला.

नंतर नाटकाच्या तालमीत तुम्हा भावांत जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. तू घर सोडून वडशाच्या नाटक कंपनीत गेलास, एवढं पुरे.

तुझ्यामागे मी स्वतः माहिती वाचून डब्ब्यात जुनं अपडेट परत टाकलं. त्यात अवघड काही नाही. तुम्ही लोक उगीच बाऊ करता. दादांनी वाजवून पाहिलं. म्हणाले, "अजून मेलेलाच हाय."

मग एका संध्याकाळी आम्ही बांधावरून फिरून येत होतो. दोन्ही बाजूंना रातकिडे इतके ओरडत होते की मला माझंच बोलणं ऐकू येईना. दादा चालता चालता म्हणाले, "यंदा रातकिडे काऊन नाहीत?"

चंद्रकुमार, मी सहजासहजी घाबरणारी बाई नाही. त्या वेळी घाबरले.

गोंदियाला नेऊन तपासून आणलं. वरचे सूर गेले आहेत, परत येणार नाहीत. बोलणं ऐकू येतं, तबला येतो, खर्ज येतो. तू तालमीत सगळ्यांसमोर म्हणालास, "डब्बा ठीक हाय दादा, तुमचे कान गेले," ते खरंच होतं. त्यांना तोवर कळलेलं नव्हतं, ते चमक यावी म्हणून वरचा नॉब वाढवत राहिले आणि नटी कानांवर हात ठेवत राहिली. पण खरं बोलायला चारचौघं कशाला लागली तुला? त्यांनी "नीघ" म्हटलं. मीही तेच म्हटलं असतं.

गोंदियाहून आल्यावर दोन दिवस त्यांनी गिटारला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्बा आणि स्पीकर अंगणात मांडला, मला खुर्ची दिली.

"तू आयक. मी फिरवतो."

म्हटलं, "मला त्यातलं काही कळत नाही."

"कळाले कायले पाहिजे? कुठं टोचते, सांग."

तार छेडली. मी सांगितलं, टोचतं.

"कुठं? कानात, का दातात?"

हा काय प्रश्न, असं मनात म्हटलं. पण खरंच, दातात टोचत होतं, चिंच खाल्ल्यासारखं. त्यांनी एक नॉब किंचित मागे घेतला आणि दातातलं गेलं! मग म्हटलं, कढईत तेल चरचरतं तसं काहीतरी वर आहे. त्यांनी दुसराच नॉब फिरवला, ते गेलं. कपाळावर दडपण येतं म्हटलं, तर तेही उतरवलं. जे त्यांना ऐकूच येत नाही ते कुठे बसलं आहे, हे माझ्या दातांवरून आणि कपाळावरून ओळखत होते. मी शाळेत ध्वनीचा धडा जन्मभर शिकवला. असं काही शिकवलं नाही.

शेवटी म्हणाले, "आता?" मी म्हटलं, "आता कुठेच नाही."

मग त्यांनी वाजवलं.

गिटार म्हणजे घरातला गोंगाट, असं मी आजवर समजत आले. आज कसं लिहू? आवाज स्पीकरमधून येतो आहे असं वाटेना. अंगणच वाजत होतं. मी उठून उभी राहिले आणि का उठले ते मला कळलं नाही. शेजारच्या धुरपताबाई सूप हातात घेऊन कुंपणाशी आल्या. "काय वाजवून राहिले वो भाऊ? देवाचं काही हाय का आज?" आणि त्यांनी चपला काढल्या.

दादांनी हात थांबवून मला विचारलं, "कसा हाय?"

त्यातला अर्धा त्यांना ऐकूच आला नव्हता रे. तो आमच्यासाठी होता. मी "चांगला आहे" एवढंच म्हणाले.

त्यांनी डब्बा बंद केला, स्वतः पुसला. "चंदूले पाठव. दवनीवाड्याच्या मंडईच्या नाटकापासून माह्या जागी तो वाजवंल." मी कारण विचारलं. म्हणाले, "दर गावी मैदान वेगळं, स्पीकर वेगळे. दरवेळी नव्यानं लावा लागते. तू कोणाकोणाच्या मंडईले येशीन टोचते सांगाले?"

मी विचारलं, "चंदूला येतं का, दात-कान सांगायला?"

"त्यालेच तर शिकवलं होतं."

एवढं बोलून आत गेले. मी पत्र लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. डब्बा पाठवते आहे हे माहीत आहे. त्यांच्या मते, त्यांचं वाजवणं संपलं. माझं मत वेगळं आहे. त्यांना तुझी माफी नको, आणि ती मागत बसशील तर मला राग येईल. त्यांना शेजारी बसून कुठं टोचतं ते सांगणारं माणूस पाहिजे. काय करायचं ते तू ठरव. मंडईची जत्रा भाऊबीजेनंतर आहे.

तुझी वहिनी,
दुर्गेश्वरी

भोजराजच्या हाती दिलेल्या वस्तू: डब्बा एक, जुन्या लुगड्यात बांधलेला. त्याची वीजवायर. पायाने दाबायचं पेडल. संध्यासाठी चिवडा.
गिटार दिलेली नाही. ती इथे दादांजवळ आहे आणि इथेच राहील.